मुंगी झाडावर का चढली?

कुंडीच्या काठावरून एक मुंगी खोडावर चढते, तिच्यामागे दुसरी, आणि संध्याकाळपर्यंत ओळ लागते. बोन्साय सांभाळणारा जाणता माणूस अशा वेळी मुंग्यांचा खडू शोधत बसत नाही, भिंग शोधतो. मुंगीला झाडाच्या पानात रस नसतो. वरती कुठेतरी तिला गोड पाणी मिळतं आहे, आणि ते पाजणारं कोण हे आधी बघावं लागतं.

पाजणारे म्हणजे मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि खवले किडीतल्या काही जाती. सगळ्यांचा धंदा एकच: सुईसारखी सोंड पानात किंवा कोवळ्या फांदीत खुपसायची आणि अन्नरस ओढायचा. झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर असते, पण शरीर बांधायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. पुरेसं नत्र अंगी लागायचं तर रस ढोसावाच लागतो आणि नको असलेली साखर मागून सोडून द्यावी लागते. आपले शेतकरी या स्रावाला चिकटा म्हणतात. तो खालच्या पानांवर, कुंडीवर, टेबलाच्या काचेवर पडतो. बोट लावलं तर चिकटतं. काही दिवसांनी त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखं दिसतं. ही बुरशी पान खात नाही, ती चिकट्यावर जगते. पण पानाचं ऊन अडवते. मुंग्या या चिकट्याच्या मोबदल्यात किडीची राखण करतात. किडी खाणारा ढालकिडा जवळ आला तर त्याला हुसकावतात, आणि काही जातींच्या मुंग्या तर किडीची पिल्लं उचलून कोवळ्या शेंड्यावर नेऊन सोडतात. म्हणून मुंग्या थांबवणं हाही उपचाराचा भाग आहे. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत ठेवले तरी पुष्कळ काम होतं.

या मंडळीत मावा सगळ्यांत घाईचा. १७४० मध्ये जिनिव्हात शार्ल बोने नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने नुकतंच जन्मलेलं माव्याचं एक पिल्लू एकटं कोंडून ठेवलं आणि रोज भिंगातून त्याच्यावर पाळत ठेवली. नराचं वारंही न लागलेल्या त्या मादीने महिन्याभराच्या आत-बाहेर ९५ जिवंत पिल्लं दिली. युरोपातल्या निसर्ग अभ्यासकांना हा मोठाच धक्का होता. मादीच्या पोटात मुलगी आणि त्या मुलीच्या पोटात नात आधीच वाढत असते, हे पुढे कळलं. उबदार हवेत मावा साधारण आठवड्याभरात वयात येतो. या हिशेबाने पृथ्वी माव्याखाली गाडली जायला हवी होती. ती गाडली गेली नाही, कारण बाहेर पाऊस आहे, वारा आहे, ढालकिडे, क्रायसोपा या कीटकाच्या अळ्या, कोळी, छोट्या गांधीलमाश्या आहेत. जोराची एक सर माव्याची निम्मी वस्ती धुऊन नेते.

बोन्साय घरात आणला की हे सगळं बाहेर राहतं. घरातल्या झाडावर कीड जास्त पडते ती झाड लहान किंवा नाजूक असतं म्हणून नव्हे. आत पाऊस पडत नाही, वारा सुटत नाही, आणि किडीचे शत्रू खिडकीच्या जाळीपलीकडे अडकतात. वर एअर कंडिशनरची कोरडी हवा, पानांवर बसलेली धूळ आणि बारमाही पंचवीस-तीस अंशांचं तापमान. किडीला याहून चांगलं काय हवं?

त्यात उजेडाचा प्रश्न. घरात थोडीफार तग धरणारी झाडं मोजकीच: नांद्रुक, फायकस बेंजामिना, जेड, कार्मोना, खिडकीलगत ठेवली तर कामिनी. जुनिपर हे घरात ठेवायचं झाड नव्हेच, कुणी कितीही सुंदर करून विकलं तरी. टीव्हीच्या कपाटावर शोभेला ठेवलेला बोन्साय माझ्या मते कीड यायच्या आधीच आजारी असतो. अंधारात त्याच्या फांद्या लांबट, पानं पातळ होतात. मालक घाबरून खत घालतो, तेही नत्राचं. नत्राने अन्नरसातली अमिनो आम्लं वाढतात आणि ज्या गोष्टीची किडीला टंचाई असते तीच आपण हाताने वाढून देतो. कीड दिसलेल्या झाडाचं खत आधी बंद करा. झाड खिडकीत हलवा. फवारणीचं नंतर बघू.

महाराष्ट्रातल्या घरांत बोन्सायचा सगळ्यांत जास्त छळ कुणी करत असेल तर पिठ्या ढेकूण. बोन्सायचं शरीरच त्याच्या सोयीचं असतं. फांदीच्या बेचक्या जवळजवळ, पानांचे देठ दाटीने, साल खडबडीत, आणि त्यावर फांद्या वळवायला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची तार. तारेखालची फट ही त्याची आवडती जागा. मादी अंगावर मेणाची पांढरी भुकटी बाळगते आणि कापसासारख्या पुंजक्यात तीनशे ते सहाशे अंडी घालते. त्यातून निघणारी पिल्लं मात्र पिवळसर, उघडी आणि चपळ असतात. अंगावर मेण चढायला काही दिवस जातात. तेवढ्या काळातच पिठ्या ढेकूण खऱ्या अर्थाने हतबल असतो. उबदार हवेत त्याची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते.

यातून उपचाराचं वेळापत्रक आपोआप ठरतं. मोठ्या मादीवर पाणी मारलं तर ते मेणावरून ओघळून जातं. तिच्यासाठी औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायची कापसाची काडी. काडी बुडवायची आणि एकेका पुंजक्याला टेकवायची. मेण विरघळतं, पांढरा रंग जाऊन कीड तपकिरी-नारिंगी दिसते, मग ती पुसून घ्यायची. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि देवघरातल्या समईपासून लांब करावं; अल्कोहोल पटकन पेट घेतं. अंडी मात्र पुंजक्याच्या आत वाचतात. म्हणून आठवड्याने पुन्हा, त्यानंतरच्या आठवड्यालाही पुन्हा, किमान महिनाभर. बहुतेक लोक पहिल्या स्वच्छतेवर खूश होऊन थांबतात आणि महिन्याने दुकानदाराला शिव्या देतात. तार बरीच जुनी असेल तर ती कापून काढा. वळण थोडं सैल पडेल, ते पुन्हा देता येतं.

वरून सगळं स्वच्छ आणि तरी झाड मलूल, नवी पालवी फुटता फुटेना, असं झालं तर कुंडीतून झाड उपसून बघावं. मुळांना खाणारे पिठ्या ढेकूण वेगळ्या जातीचे असतात, तांदळाच्या कणीहून लहान. कुंडीच्या आतल्या बाजूला निळसर पांढरी भुकटी दिसते. इथे एक सावधगिरी हवी: पाइनच्या मुळांवर उपकारक बुरशीचे पांढरे धागे असतात, आणि कित्येकांनी ते कीड समजून धुऊन टाकले आहेत. भिंगातून बघा. बुरशीला पाय नसतात. मुळांवर कीडच असेल तर सगळी माती झटकून मुळं धुवावी, रोगट मुळं कापावी, कुंडी उकळत्या पाण्याने धुवावी आणि नव्या मिश्रणात झाड लावावं. बोन्सायची कुंडी दोन-तीन वर्षांनी बदलावीच लागते, हे काम त्यातच बसतं.

खवले किडीची ओळख पटायलाच वेळ लागतो, कारण वयात आलेली मादी हलत नाही. तिचे पाय निकामी होतात आणि ती सालीवर किंवा पानाच्या मधल्या शिरेलगत चपटा तपकिरी ठिपका होऊन बसते. नवख्या माणसाला तो झाडाचाच अवयव वाटतो. नखाने उचकटून पाहा: साल असेल तर निघणार नाही, कीड असेल तर टपकन सुटेल. खवल्यांत दोन घराणी आहेत. मऊ खवले चिकटा सोडतात. कठीण कवचाचे खवले अन्नरसाच्या नळीऐवजी पेशी फोडून खातात, म्हणून ते चिकटा सोडत नाहीत आणि मुंग्याही बोलावत नाहीत. झाडाच्या रसातून पसरणारं इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक त्यांच्यावर फारसं चालत नाही, ते याच कारणाने. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी मात्र दोन्हींवर चालतं.

शत्रूकीटक आणून सोडण्याची कल्पना इथे बऱ्याच जणांना सुचते, आणि ती कल्पना काही खुळी नाही. कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका कापशी खवल्याने जवळपास संपवल्या होत्या. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञाने ऑस्ट्रेलियात जाऊन तिथला एक लाल-काळा ढालकिडा शोधला आणि बोटीने पाठवला. वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या. आपल्याकडे १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातूनच क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा कॉफीवरच्या खवल्यांसाठी आणला गेला. पुढे तो द्राक्षाच्या मळ्यांत पिठ्या ढेकणाविरुद्ध कामाला आला. त्याची अळीही अंगावर पांढरं मेण वागवते, त्यामुळे लोक तिलाच कीड समजून चिरडतात. पण दिवाणखान्यातल्या दोन बोन्सायवर असे भुंगेरे सोडून उपयोग नाही. चार दिवसांत खाणं संपतं, मग ते उजेडाकडे उडतात आणि खिडकीच्या काचेवर मरून पडतात. झाड गॅलरीत असेल तर ते बाहेरून आपणहून येतात. त्यांना यायला वाट ठेवा आणि विष मारू नका, एवढंच आपल्या हाती असतं.

आता लाल कोळी. याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नव्हेच, आणि या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळ झाडं गेली आहेत. कीटकांसाठी बनवलेली अनेक औषधं त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. इमिडाक्लोप्रिड वापरल्यावर कोळी उलट वाढल्याची उदाहरणं अनेक पिकांवर नोंदली गेली आहेत. याच घराण्यातल्या ठिपक्यांच्या कोळ्याने आतापर्यंत नव्वदहून अधिक रसायनांना दाद न देण्याची ताकद कमावली आहे. आकार अर्ध्या मिलिमीटरचा. तो पानाच्या खालच्या बाजूला राहतो आणि एकेक पेशी टोचून रिकामी करतो, त्यामुळे वरून पानावर फिकट बारीक ठिपके उमटतात. पुढे पान करडं, निस्तेज होतं. जाळी दिसायला लागली म्हणजे उशीर झाला असं समजा.

ओळखण्याची युक्ती जुनी आणि बिनखर्ची आहे. फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर दोनदा टिचकी मारा. कागदावर पडलेल्या कणांतले काही चालायला लागले तर कोळी आहे. धूळ चालत नाही. फेब्रुवारी सरल्यापासून मे संपेपर्यंत हा कागद आठवड्यातून एकदा धरावा. तीस अंशांच्या आसपास आणि कोरड्या हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास आठवड्या-दीड आठवड्यात होतो, आणि नराशी संग न झालेली मादीही अंडी घालते. त्यातून नुसते नर निघतात आणि वस्ती पुढे चालू राहते. एकच मादी घरात शिरली तरी पुरतं.

उपाय मात्र आश्चर्य वाटावं इतका साधा आहे: न्हाणीघर. कुंडीची माती प्लास्टिकने झाकून बांधायची, झाड आडवं धरायचं आणि हातातल्या शॉवरने पानांच्या खालून पाणी मारायचं. कोळी धुऊन जातो, जाळं तुटतं, धूळ जाते, आणि पुन्हा चढून यायला त्याच्याकडे फारसं बळ उरत नाही. अंडी चिकटून राहतात म्हणून पाच-सहा दिवसांनी हेच परत. तीन-चार वेळा हे नेटाने केलं तर औषधाची गरज क्वचितच लागते. नुसता तुषार उडवून पान वरून ओलं करण्याचा जो प्रकार लोक हौसेने करतात, त्याने कोळ्याचं काही बिघडत नाही.

नांद्रुक आणि बेंजामिना यांची स्वतंत्र डोकेदुखी म्हणजे फुलकिडे. कोवळं पान मधल्या शिरेवर घडी पडून मिटतं, त्यावर जांभळट लाल डाग दिसतात. घडी उघडली की आत तीनेक मिलिमीटर लांबीचे काळे प्रौढ, पिवळसर पिल्लं आणि अंडी, असं सगळं कुटुंब एकत्र नांदत असतं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत कुंपणाला लावलेल्या फायकसवर अशी मिटलेली पानं शेकड्यांनी दिसतात; गॅलरीतल्या बोन्सायवर फुलकिडे येतात ते बहुधा तिथूनच. फवारा घडीच्या आत पोचत नाही. इथे बोन्सायची कलाच मदतीला येते. नांद्रुकाची पानं लहान व्हावीत, फांद्यांची जाळी दाट व्हावी म्हणून उबदार वाढीच्या दिवसांत निरोगी झाडाची सगळी पानं देठ ठेवून कात्रीने उतरवण्याची पद्धत आहे. हेच काम किडीवरचा उपायही ठरतं. फुलकिडे, खवले, कोळी, त्यांची अंडी, सगळं पानांबरोबर कागदात गुंडाळून घराबाहेर. उघड्या फांद्या पुसून घ्यायला याहून चांगली संधी मिळत नाही. पुढच्या काही आठवड्यांत नवी पालवी येते, आणि फुलकिड्यांना नेमकी कोवळी पानंच लागतात, म्हणून त्या दिवसांत रोज नजर हवी. मिटायला लागलेलं पहिलं पान तिथल्या तिथे खुडावं. अशक्त झाडावर हा प्रयोग करू नये. कापताना निघणाऱ्या चिकाने हाताला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

कुंडीभोवती घोंगावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांनी लोक उगाच हैराण होतात. त्यांच्या अळ्या सतत ओल्या मातीत वाढतात. पाणी घालण्याआधी वरचा थर सुकू द्या, पिवळा चिकट सापळा कुंडीत खोचा, बस्स.

मग औषध कधी? हाताने आवरत नाही तेव्हा, आणि तेही साबणापासून सुरुवात करून. कीटकनाशक म्हणून वापरायचा साबण पोटॅशियमचा, मऊ. कपड्यांची पावडर नको, ती पानावरचं मेण काढून पानच भाजते. साबण ओला असेपर्यंतच काम करतो आणि अंगावर पडला तरच मारतो. बोअरच्या पाण्यात तो फाटतो, कारण त्यातल्या क्षारांमुळे साबण लगेच साकळतो. नळाचं पाणी घ्या. जेडसारख्या मांसल पानांना साबण आणि तेल दोन्ही सोसत नाहीत, त्यांना आधी एकाच पानावर लावून दोन दिवस वाट बघावी.

कडुनिंबाबद्दल आपल्याला घरचा अभिमान असतो, आणि तो रास्तही आहे. सुदानमध्ये १९५९ साली टोळधाडीने सगळं हिरवं फस्त केलं, तेव्हा कडुनिंबाची झाडं मात्र उभी होती, हे हाइनरिश श्मुटेरर या जर्मन कीटकतज्ज्ञाने पाहिलं आणि तिथून कडुनिंबाच्या आधुनिक संशोधनाला वेग आला. त्यातलं आझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं आणि कात टाकण्याच्या क्रियेत गोंधळ घालतं. त्याचा रेणू इतका किचकट आहे की केंब्रिजमधल्या स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत घडवायला २२ वर्षं लागली. २००७ मध्ये ते जमलं. पण निंबोळी तेल फवारल्यावर सकाळी उठून मेलेल्या किडी मोजू नका. ते सावकाश काम करतं, पिल्लं मोठी होत नाहीत, वस्ती विरळ होत जाते. लिटरभर कोमट पाण्यात आधी थोडा मऊ साबण विरघळवा, मग पाच मिलिलिटर तेल घालून चांगलं घुसळा, आणि त्याच दिवशी संपवा. फवारणी संध्याकाळी करा. उन्हात तेलाने पानं करपतात. वासाला घरचे नावं ठेवतील, त्याला इलाज नाही.

शेतीची जहाल औषधं घरात आणू नका, ही मात्र विनंती नाही. कुंडीत फोरेटचे दाणे टाकायची सवय आपल्याकडे वर्षानुवर्षं होती. नर्सरीवाला कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस या दोन्हींवर भारतात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, आणि ते उघड्या रानात. बंद खोलीत, जिथे मूल रांगतं आणि मांजर कुंडीतली माती उकरतं, तिथे या बाटल्यांचं कामच काय? आंब्याच्या बागायतदाराला प्रत्येक पानाला हात लावता येत नाही म्हणून त्याला फवारा लागतो. फूटभर उंचीच्या झाडाचं एकूण एक पान आपल्याला उलटून बघता येतं. त्याला वेळ लागतो, पण बोन्साय ठेवणाऱ्या माणसाने घाईची तक्रार करू नये.

कीड घरात येते ती बहुतेकदा नव्या झाडाबरोबर. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टकविला गावी २००१ मध्ये कोरियातून आलेल्या मेपलच्या बोन्सायमधून लांब मिशांचे भुंगे बाहेर पडले आणि त्यांतले काही निसटले. या भुंग्याची अळी खोडाच्या आत लाकूड पोखरत वाढते, बाहेरून काही दिसत नाही. ते पसरू नयेत म्हणून सरकारला आसपासची शेकडो झाडं तोडावी लागली आणि पुढची काही वर्षं त्या भागावर पाळत ठेवावी लागली. आपल्या नर्सरीतून येणारं संकट एवढं मोठं नसतं, पण रीत तीच. नवं झाड तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं. नर्सरीने गुंडाळलेली तार सोडून खाली बघावं, पानं उलटी करावीत, तळाच्या भोकात डोकवावं, जमलं तर एकदा कुंडीतून उपसून मुळं बघावीत. त्यासाठी गॅलरीचा दुसरा कोपरा पुरतो.

आणि काही झाडं वाचवायची नसतात. आजोबांनी वळवलेला तीस वर्षांचा वड असेल तर महिनोन्‌महिने काडी घेऊन बसा. पण जत्रेतल्या प्रदर्शनातून आणलेलं चारशे रुपयांचं कार्मोना मुळांपासून शेंड्यापर्यंत पिठ्या ढेकणाने भरलं असेल, तर ते शेजारच्या दहा झाडांना धोका आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि टाकून द्या. फक्त सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकू नका. पिल्लं तिथून दोन दिवसांत खालच्या जास्वंदीवर पोचतात.